दिवसातून २६ वेळा मोजलेला ताप

एप्रिल २०२०. रात्री पावणेबाराला फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका हळू की आधी काही उमजेचना. शेजारच्या खोलीत वडील झोपले होते म्हणून बाई कुजबुजत होत्या, हे नंतर कळलं.

"डॉक्टर, ९९.१ आहे. संध्याकाळी ९८.९ होता. म्हणजे चढतोय ना?"

त्यांचं वय ३८. हिशेबनिसाचं काम, चार आठवड्यांपासून घरूनच चाललेलं. घरात त्या आणि त्यांचे ७१ वर्षांचे वडील, दोघंच. वडिलांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार. दिवसातून दोनदा इन्हेलर. भाऊ दुसऱ्या देशात. त्याचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा : "बाबांना जप." हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत; आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत.

तेव्हाची परिस्थिती आठवून पाहावी लागते, कारण आज ती लवकर विसरायला होतं. ३१ डिसेंबर २०१९ला वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची खबर जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोचली आणि ११ मार्च २०२०ला संघटनेने महामारी हा शब्द वापरला. मधे फक्त सत्तर दिवस. लस नव्हती. जीव वाचवतं असं सिद्ध झालेलं पहिलं औषध डेक्सामेथासोन, त्याचा निकालही जूनमध्ये आला. अशा वेळी जुनाट फुफ्फुसविकार असलेल्या माणसाबरोबर राहणाऱ्या मुलीला भीती वाटली, तर त्या भीतीला आजार म्हणणं मला पटत नाही. ती रास्त होती. प्रश्न होता तो त्या भीतीने त्यांना काय काय करायला लावलं, याचा.

तक्रारी

सतरा दिवस घशात खवखव. अधूनमधून कोरडा खोकला, विशेषतः बातम्या बघताना. (हे निरीक्षण त्यांचंच, पण त्याचा अर्थ त्यांनी लावलेला नव्हता.) छाती जड. "श्वास पूर्ण आत जातच नाही, वरच्या वर अडतो." बोटांना मुंग्या. घशात आवंढा अडकल्यासारखं. झोप जेमतेम चार तास. आणि कणकण. म्हणजे ताप आल्यासारखं वाटणं, पण थर्मामीटर ९९च्या आसपासच घुटमळणारा.

या यादीतली बहुतेक लक्षणं कोरोनाच्या यादीतही होती, आणि अडचण तीच होती. जागतिक आरोग्य संघटना आणि चीनच्या संयुक्त पथकाने फेब्रुवारी २०२०मध्ये ५५,९२४ रुग्णांची माहिती मांडली. त्यात ताप ८७.९ टक्क्यांना, कोरडा खोकला ६७.७ टक्क्यांना, थकवा ३८.१ टक्क्यांना आणि घसादुखी १३.९ टक्क्यांना होती. बाईंनी हा तक्ता वाचला होता आणि स्वतःच्या लक्षणांपुढे एकेक टक्केवारी लिहून ठेवली होती. पण तो तक्ता कोरोना झालेल्यांपैकी कितींना खोकला होता एवढंच सांगतो. खोकणाऱ्यांपैकी कितींना कोरोना होता, हा प्रश्नच निराळा. हा फरक मी त्यांना त्या पहिल्या रात्री समजावून सांगितला नाही. सांगायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर तपासणी केली. बोलता बोलता, त्यांच्या नकळत, श्वास मोजले : मिनिटाला १८, आणि त्यात तीन मोठे उसासे. एक मिनिटभर खुर्चीतून उठ-बस करायला लावली. ऑक्सिमीटर आधी ९८, नंतरही ९८. फुफ्फुसांत न्यूमोनिया असेल तर अशा श्रमाने आकडा तीन किंवा अधिक अंकांनी घसरू शकतो. इथे तो हललाही नाही. त्यांची धाप बसल्या जागी यायची, काम करताना नाही. हिशेबाची फाइल उघडली की दोन दोन तास छाती हलकी असायची. शिवाय सतरा दिवस. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला मध्यमान सुमारे पाच दिवस लागतात, आणि धाप लागायचीच तर बहुधा लक्षणांच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे लागते. सतरा दिवस जागच्या जागी थांबून राहणारा कोरोना ही फारच विरळा गोष्ट. आठवड्यातून एकदा वडिलांची औषधं आणायला जाण्यापलीकडे त्यांचा कुणाशी संपर्कही नव्हता.

भीतीखाली दुसरं काही लपलेलं नाही ना, हेही पाहिलं. थायरॉइड वाढलं तरी छाती धडधडते, अंग गरम वाटतं. रक्त कमी असलं तरी धाप लागते. दोन्ही तपासण्या ठीक आल्या. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट शब्दांत विचारलं. नाही म्हणाल्या. "मी गेले तर बाबांचं कोण करेल?"

माझी चूक

मग तीन आठवडे मी जे केलं ते कोणताही सहृदय डॉक्टर करतो. धीर दिला.

"काळजी करू नका, हा कोरोना नाही." पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा त्या रात्री त्यांना सहा तास झोप लागली. मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तो धीर दुपारपर्यंत टिकला. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं. माझ्या फोनवर त्या तीन आठवड्यांतले त्यांचे ६४ संदेश आहेत आणि मी जवळजवळ प्रत्येकाला उत्तर दिलं आहे. थर्मामीटरचा फोटो, ऑक्सिमीटरचा फोटो, घशाचा फोटो. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे.

एका संध्याकाळी एका अत्यवस्थ रुग्णाच्या घरच्यांशी बोलत होते, म्हणून चाळीस मिनिटं उत्तर देता आलं नाही. तेवढ्या वेळात त्यांनी अकरा वेळा ताप मोजला. तेव्हा डोळे उघडले. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि मी, या तिन्ही गोष्टी त्या एकाच कामासाठी वापरत होत्या. पाहायचं, क्षणभर सुटका, मग शंका, मग पुन्हा पाहायचं. प्रत्येक सुटकेबरोबर मनाला एकच धडा मिळत होता : पाहिलं म्हणून वाचलो. आणि त्या चक्राला मी वंगण घालत होते. आजारपणाच्या भीतीवर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा मागितला जाणारा धीर भीती टिकवून ठेवतो, हे १९८०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. मी ते शिकलेही होते. पण रात्री पावणेबाराला कुजबुजणारा आवाज कानावर आला, की शिकलेलं बाजूला राहतं.

वही

त्यांच्याकडे एक वही होती, हिशेबाची असते तशी रकाने आखलेली. वेळ, तापमान, ऑक्सिजन, नाडी, वास. वासाच्या रकान्यात रोज सकाळी साबणाची वडी हुंगून 'हो' लिहिलेलं. सर्वाधिक नोंदी असलेल्या दिवशी २६ वेळा ताप मोजलेला होता. मी पानांचे फोटो मागवले आणि एका रविवारी नीट वाचायला बसले.

तासाभरात दोन गोष्टी दिसल्या. पहिली : सकाळचे आकडे ९७.६ ते ९८ आणि संध्याकाळी चार ते सहाचे ९८.८ ते ९९.३. रोज, न चुकता. निरोगी शरीराची हीच चाल असते, पहाटे सर्वांत थंड आणि संध्याकाळी सर्वांत गरम. ९८.६ हा आकडा आपण १८६८ साली कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी केलेल्या मोजणीतून घेतला. १९९२मध्ये १४८ निरोगी माणसांची नव्याने मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ आली, आणि निरोगी माणसातही संध्याकाळी ९९.९पर्यंतचा आकडा सापडतो, असं दिसलं. म्हणजे त्या "चढतोय" म्हणत होत्या ते खरंच चढत होतं. दिवसही रोज चढतो, तसंच.

दुसरी गोष्ट मला आधी दिसली नाही. पानं उलटताना वाटलं की ९९च्या वरचे आकडे घोळक्याने येतात. बारा-तेरा दिवस जास्त, मग एकदम खाली, मग पुन्हा तेच. समासात त्यांनी पाळीची तारीख बारीक फुलीने मांडलेली होती. प्रत्येक फुलीशी येऊन ताप उतरत होता. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने वाढतं आणि पाळी येईपर्यंत वाढलेलंच राहतं. पहिला फोन आला तो दिवस फुलीच्या पाच दिवस आधीचा.

हे सांगितलं तेव्हा बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी दोन महिने माझं चक्र मोजत होते?" हसल्या नाहीत. मीही हसले नाही. त्यांनी मोजलेलं काहीही खोटं नव्हतं. शरीर खरं बोलत होतं, फक्त वेगळ्याच गोष्टीबद्दल.

रात्री एकदा दिसलेल्या ९२चा खुलासा सोपा होता. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्ताचा रंग जोखतो. बोट गार असलं की रक्त कमी पोचतं आणि आकडा घसरतो. तळहात चोळून, मिनिटभर थांबून घेतला की ९७.

श्वासाचं मात्र सांगून भागलं नसतं. व्हिडिओवर त्यांना खुर्चीत बसवून मिनिटभर मुद्दाम भराभर आणि खोल श्वास घ्यायला लावले. चाळीस सेकंदांत बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीवर दडपण. सगळी लक्षणं हजर. ऑक्सिमीटर ९९. जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आक्रसतात, बोटांत मुंग्या येतात, आणि मेंदूला वाटतं हवा कमी पडते आहे. म्हणून माणूस आणखी मोठा श्वास घेतो. "हवा कमी नाही, जास्त होते आहे," असं मी म्हणाले. पण त्यांना ते कळलं ते माझ्या वाक्याने नव्हे. त्या ९९ने आणि त्याच वेळी आलेल्या मुंग्यांनी.

निगेटिव्ह

मे महिन्याच्या सुरुवातीला चाचणीची सोय झाली आणि त्यांनी स्वॅब दिला. निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला संदेश : "खोटं निगेटिव्ह असू शकतं ना?"

असू शकतं. त्याच महिन्यात एक विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. त्यानुसार आरटी-पीसीआर चाचणी लक्षणं सुरू झाल्याच्या दिवशी ३८ टक्के आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० टक्के बाधितांना निगेटिव्ह ठरवत होती. हा आकडा त्यांनी स्वतः शोधून काढला होता. आधीची मी असते तर "तुमच्या बाबतीत तसं नाही" म्हणून मोकळी झाले असते. या वेळी कागद घ्यायला सांगितलं.

समजा, तुमच्यासारख्या तक्रारी आणि तुमच्याइतकाच संपर्क असलेली शंभर माणसं आहेत, आणि त्यातल्या पाच जणांना कोरोना आहे, असं उगाच जास्तीचं धरू. चाचणीने पाचांपैकी एकाला हुकवलं. मग निगेटिव्ह आलेले एकूण ९६ आणि त्यात बाधित एक. म्हणजे शंभरात सुमारे एक. हिशेबनीस बाई, गणित त्यांनी माझ्याआधी संपवलं. "शून्य नाही," म्हणाल्या. नाही, मी म्हणाले, शून्य नाही. शून्य मी तुम्हाला कधीच देऊ शकणार नाही. त्या फोनवर गप्प झाल्या आणि मला वाटलं आता रडतील. त्याऐवजी म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

भीती नेमकी कशाची

मग मी एक प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्याच रात्री विचारायला हवा होता. समजा झाला कोरोना. मग काय होईल?

त्यांच्या उत्तरात त्या स्वतः कुठेच नव्हत्या. आपण मरू, हे त्यांच्या मनात आलेलंच नव्हतं. आपल्यापासून बाबांना होईल, ते श्वासासाठी तडफडतील, आणि भाऊ फोनवर काही बोलणार नाही. तो काहीच बोलणार नाही, हीच शिक्षा. म्हणून मोजणं. ताप आला की त्याच मिनिटाला वेगळी खोली. दोन महिने त्या वडिलांबरोबर एका टेबलाला जेवल्या नव्हत्या. रात्री त्यांच्या दाराशी उभं राहून श्वासाचा आवाज ऐकायच्या. वडिलांना हे माहीत होतं. पुढे एकदा ते माझ्याशी फोनवर बोलले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, पोरगी दाराशी येते तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने श्वास घेतो. तिला झोप लागावी म्हणून."

आता माझ्याजवळ एक माहिती होती आणि ती सांगावी की नाही, हे ठरेना. एप्रिलमध्ये एका अभ्यासात ७७ जोड्या तपासल्या होत्या, कुणाकडून कुणाला लागण झाली हे माहीत असलेल्या. त्यांचा अंदाज असा, की सुमारे ४४ टक्के लागण देणाऱ्याला लक्षणं दिसण्याआधीच होते. याचा अर्थ सरळ होता. दिवसातून २६ वेळा मोजलं काय, शंभर वेळा मोजलं काय, ताप दिसेपर्यंत दोन दिवस निघून गेलेले असू शकतात. ज्या एका कामासाठी बाई मोजत होत्या, ते काम मोजण्याने होणारच नव्हतं.

हे ऐकून त्या कोसळतील, असं मला वाटत होतं. आठवडाभर सांगितलं नाही. मग सांगितलं, कारण खरं अर्धवट सांगण्याचा परिणाम मी तीन आठवडे पाहिला होता.

झालं वेगळंच. आधी राग आला त्यांना, थर्मामीटरचा. "मग मी हे सगळं कशासाठी करत होते?" आणि थोड्या वेळाने, अगदी दमलेल्या आवाजात : "म्हणजे पहारा देऊन उपयोगच नाही." पहारा हा शब्द त्यांचा. मी म्हणाले, पहाऱ्याचा नाही, पण उघड्या खिडकीचा उपयोग आहे. बाहेरून कमी आणण्याचा आहे, मास्कचा आहे, बाबांची इन्हेलर न चुकण्याचा आहे. या गोष्टी तुम्हाला लक्षण असो वा नसो, काम करत राहतात. आणि त्यांना वहीची गरज नाही.

अशी बातमी प्रत्येकाला मानवेल, असं मी म्हणत नाही. या बाई हिशेब करणाऱ्या होत्या. ज्या खर्चातून काही मिळत नाही तो त्यांना बंद करता येत होता. कुणा दुसऱ्याला हेच वाक्य आणखी एका रात्रीची झोप गमावायला लावेल. मला एवढंच कळलं, की त्या काय पेलू शकतील हे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

कपाटाच्या दारामागचा कागद

जूनमध्ये आम्ही दोघींनी मिळून एक पान लिहिलं. भीती वाटत नसताना, सकाळी अकराला, मुद्दाम. ताप दोनदाच मोजायचा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना. १००.४च्या खालचा आकडा वाचून काही करायचं नाही. १००.४ किंवा वर गेला, किंवा नाक चोंदलेलं नसताना अचानक वास गेला, किंवा जिना चढताना आधी लागत नव्हती अशी धाप लागली, तर वेगळी खोली, मास्क, चाचणी आणि मला फोन. ऑक्सिमीटर यातलं काही घडलं तरच. बोट गरम करून, मिनिटभर थांबून. दोनदा ९४ किंवा कमी आला तर तडक दवाखाना. ओठ निळे पडणं, वाक्य पूर्ण बोलता न येणं, छातीत सतत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं यांत वाट पाहायचीच नाही.

वडिलांसाठी वेगळा भाग करावा लागला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. सीओपीडी असलेल्या माणसाचा ऑक्सिजन मुळातच कमी असू शकतो. त्यांचा नेहमीचा आकडा ९३. निरोगी माणसाची ९४ची रेघ लावली असती तर ते रोजच आजारी ठरले असते. म्हणून त्यांच्यासाठी रेघ ९०ला ओढली. खोकला तर त्यांना वर्षानुवर्षं आहे, तेव्हा खोकल्यात बदल झाला का, कफाचा रंग बदलला का, ते नेहमीपेक्षा सुस्त आहेत का, हे पाहायचं. म्हाताऱ्या माणसाला ताप न येताही न्यूमोनिया होऊ शकतो, हेही लिहिलं.

माझ्याशी बोलणं सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चारला. मधे शंका आली तर वहीत लिहायची, मला पाठवायची नाही. कागदावरचं काही घडलं तर मात्र कोणत्याही वेळी. बातम्या दिवसातून दोनदा. याच सुमारास एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. ऑनलाइन आठ भेटी झाल्या. मोजण्याची ओढ आली की मोजायचं नाही, ती ओढ किती मिनिटांनी ओसरते ते फक्त पाहायचं, हा सराव त्यांनी तिथे केला. गोळ्या लागल्या नाहीत. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. एकदा थर्मामीटर शेजाऱ्यांकडे ठेवायला दिला आणि दोन तासांनी परत मागून आणला. जुलैअखेर दिवसाला पाच-सहा नोंदी. ऑगस्टमध्ये दोन. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते गुरुवारच्या फोनवर सहज निघालेलं वाक्य, की काल बाबा आणि त्या खिडकी उघडी ठेवून एका टेबलाला जेवल्या.

नंतर

२६ नोव्हेंबर २०२१ला नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव मिळालं आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "कागद काढलाय. पण काल सहा वेळा मोजलं. आज तीनदा." मी फक्त ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी आकडा पुन्हा दोनवर आला.

जानेवारी २०२२मध्ये त्यांना खरोखरच कोरोना झाला. घसा प्रचंड दुखला, अंग मोडून आलं, ताप १०१.२. वास शेवटपर्यंत गेला नाही. ज्या लक्षणासाठी इतके महिने साबण हुंगला, ते आलंच नाही; ओमिक्रॉनमध्ये वास जाण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. त्याच दिवशी त्या वेगळ्या खोलीत गेल्या. आणि दोन दिवसांनी वडील पॉझिटिव्ह आले. लसीचे दोन डोस झालेले होते, पण वय ७३ आणि फुफ्फुसं जुनीच.

त्यांच्या आजाराच्या पाचव्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. आवाज खणखणीत होता.

"डॉक्टर, बाबांचा ९०. हात गरम करून दोनदा घेतला, दोन्ही वेळा ९०. श्वास मिनिटाला २८. बोलताना मधे थांबतात. रुग्णवाहिका बोलावली आहे, दहा मिनिटांत येईल. इन्हेलर दिलं. सोबत काय काय कागद देऊ?"

मी सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला स्वतःला कसं आहे, ताप किती?

"माझा सकाळपासून मोजलेलाच नाही."

वडिलांना चार दिवस ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन लागलं. सहाव्या दिवशी ते घरी आले. त्यानंतरच्या सोमवारी, आमच्या जुन्या वेळेला, दुपारी चारला त्यांनी फोन केला. आम्ही त्या वेळी बोलणं केव्हाच बंद केलेलं होतं.

"माझ्यामुळेच झालं ना बाबांना?"

नाही म्हणणं सोपं होतं. वडीलही लसीसाठी, तपासणीसाठी बाहेर गेलेले होते. नक्की कुणाकडून आलं हे कळायला मार्ग नव्हता. मी तेही सांगितलं. पण आधी म्हणाले, "असू शकेल. तुम्हाला लक्षण दिसायच्या आधीच, तुम्ही टेबलाला बसलेल्या असताना."

त्या बराच वेळ गप्प होत्या.

"हं. विचारायचं होतं एकदा," म्हणाल्या. मग दवाखान्यातून मिळालेल्या नव्या इन्हेलरचे किती पफ द्यायचे आणि जुनं बंद करायचं का, ते विचारलं.